लेकराचे डोळे टपोरे दिसतात? मग आधी दवाखाना गाठा

बैलजोडी घ्यायला बाजारात गेलो की आपण काय काय बघतो? दात मोजतो, खूर उचलून पाहतो, चार पावलं चालवून बघतो, डोळ्यापुढं हात हलवून जनावराची नजर शाबूत आहे ना याची खात्री करून घेतो. मगच व्यवहार. पण घरात लेकरू जन्माला आलं की त्याच्या डोळ्याकडं आपण नुसतं कौतुकानं बघतो. डोळे जरा टपोरे असले की आजी मीठ-मोहरी ओवाळून टाकते, काजळाची तीट लावते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटते, "बघा तर खरं, कसे हरणासारखे डोळे आहेत!"

या टपोऱ्या डोळ्यांच्या आड कधी कधी एक वैरी लपलेला असतो. त्याचं नाव जन्मजात काचबिंदू. काचबिंदू म्हटलं की आपल्याला साठी उलटलेला म्हातारा आठवतो. तान्ह्या लेकराला कसला आलाय काचबिंदू, असंच कुणालाही वाटेल. पण होतो. आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, जुन्या ग्रीक वैद्यांच्या भाषेतून या दुखण्याला जे नाव पडलं त्याचा अर्थच मुळी 'बैलाचा डोळा' असा आहे. म्हणजे त्या लोकांना जे दिसलं तेच आपल्या आजीलाही दिसतं. आजी त्याची दृष्ट काढते, एवढाच फरक.

आता हे दुखणं आहे तरी काय, ते आपल्या भाषेत सांगतो. डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होत असतं. हे पाणी म्हणजे आसवं नव्हेत. आसवं बाहेरची, हे आतलं. ते तयार होतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून झिरपून निघून जातं. शेततळ्याचं उदाहरण घ्या. पंप चालू आहे आणि सांडवाही मोकळा आहे, तर पातळी बरोबर राहते. सांडवा बुजला आणि पंप चालूच राहिला तर काय होणार? बांधावर दाब येणार. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्याचा बांध पक्का असतो. तो फुगत नाही, आतल्या आत दृष्टीची नस तेवढी वाळत जाते. तान्ह्या लेकराचा बांध कच्चा, ओल्या मातीचा. तो फुगतो. म्हणून डोळा मोठा होतो, बुबुळावरची काच ताणली जाते, तिला बारीक चिरा जातात, ती निळसर-पांढरी, धुरकट दिसायला लागते. आणि मागं नस वाळायची ती वाळतच असते.

लेकरू बोलत नाही, पण सांगतं. डोळ्यातून सारखं पाणी गळतं. उजेड सहन होत नाही. ओट्यावर उन्हात आणलं की डोळे गच्च मिटून घेतं, आईच्या पदरात तोंड खुपसतं. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसतो, किंवा दोन्ही मोठे. जन्मलेल्या बाळाच्या बुबुळाची रुंदी साधारण दहा मिलीमीटर असते. ती 11 च्या पुढं असली, किंवा वर्षाच्या आतच 12 च्या पुढं गेली, की डॉक्टरांना संशय येतो. तुम्ही-आम्ही पट्टी घेऊन मोजायची गरज नाही. पण पाणी, उजेडाची भीती आणि मोठं किंवा धुरकट बुबुळ, यातलं एक जरी दिसलं तरी पुढच्या बाजाराची वाट बघू नका.

आता इथंच एक मोठा घोळ होतो, तो नीट समजून घ्या. तान्ह्या लेकराच्या डोळ्यातून पाणी येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे आसवांची नळी बंद असणं. ते साधं दुखणं. नाकाच्या कडेला मालिश करा, वर्षाच्या आत बहुतेकांचं आपोआप सुटतं, असा सल्ला डॉक्टर देतात आणि तो बरोबरच आहे. पण हा सल्ला गावात पसरला की ज्याच्या-त्याच्या तोंडी होतो: "काही नाही, आमच्या धाकट्यालाही होतं, वर्षात बरं झालं." नळी बंद असलेल्या लेकराच्या डोळ्यात चिकट घाण येते, पण ते उजेडाला भीत नाही आणि त्याचं बुबुळ मोठं होत नाही. काचबिंदूच्या लेकराचं तसं नसतं. हा फरक ज्याला कळला नाही, त्याच्या घरात वर्षभर मालिश चालते आणि वर्षभरात नजर जाते. मग त्यात आणखी कुणी डोळ्यात आईचं दूध पिळायला सांगतं, कुणी मध, कुणी एरंडेल. कुणी घरातल्या आजोबांच्या काचबिंदूच्या बाटलीतले दोन थेंब टाकून मोकळा होतो. बाबांनो, हे शेवटचं तर अजिबात करू नका. मोठ्या माणसाला चालणारं ब्रिमोनिडिन नावाचं औषध तान्ह्या लेकराला गुंगी आणतं, श्वास अडखळवतं. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला ते द्यायचंच नाही, असा नियम आहे.

औषधाच्या थेंबांनी हे दुखणं बरं होत नाही. थेंब फक्त ऑपरेशन होईपर्यंत वेळ मारून नेतात. मूळ इलाज ऑपरेशनचाच आहे, आणि आज मला बोलायचंय ते त्याच्याबद्दल. कारण आपल्याकडं दोनच टोकं. एक म्हणतो, सटवाईनं कपाळावर लिहिलं ते कोण पुसणार. दुसरा म्हणतो, एवढ्याशा जिवावर चाकू चालवायचा नाही, मोठं होऊ द्या मग बघू. दोघंही एकाच ठिकाणी पोचतात.

ऑपरेशन नवं नाही. 1940 च्या सुमाराला अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑटो बार्कन या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की बारीक सुरीनं डोळ्याच्या आतून तो बुजलेला सांडवा चिरून मोकळा केला तर दाब उतरतो. त्याआधी असं लेकरू म्हणजे जवळपास आंधळंच धरलं जायचं. या पद्धतीला गोनिओटॉमी म्हणतात. तीन महिने ते एक वर्ष या वयात दुखणं उघडं पडलेलं लेकरू वेळेवर आलं, तर अशा दहापैकी आठ-नऊ जणांचा दाब ताब्यात येतो. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. अट एकच. डॉक्टरला आतलं दिसलं पाहिजे. बुबुळावरची काच धुरकट झाली असेल तर आत सुरी कुठं चालवायची? गढूळ विहिरीत तळ दिसत नाही, तशी गत.

आणि आपल्या भागातलं लेकरू दवाखान्यात पोचेपर्यंत काच बहुतेक धुरकट झालेली असते. त्यासाठी दुसरी वाट आहे. 1960 च्या पुढं ती रुळली. बाहेरून, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून शिरायचं आणि जुनी बुजलेली चारी फोडून मोकळी करायची. ती ट्रॅबेक्युलोटॉमी. त्याच्या जोडीला पांढऱ्या भागाच्या पातळ कातडीखाली पाण्याला नवी मोरी काढून द्यायची. ती ट्रॅबेक्युलेक्टॉमी. नावं अवघड आहेत, पाठ करू नका. ध्यानात एवढंच ठेवा की आपल्या देशात ही दोन्ही कामं एकाच वेळी करण्याची पद्धत चांगली बसली आहे, आणि ती बसवण्यात हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेचे डॉ. अनिल कुमार मंडल यांचा मोठा वाटा आहे. जन्मून महिनाही न झालेल्या लेकरांवर त्यांनी ही शस्त्रक्रिया केली आणि त्याचे निकाल जगापुढं मांडले. 2003 साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. देशातल्या शास्त्रज्ञांना मिळणारा हा फार मानाचा पुरस्कार. एवढ्याशा जिवावर चाकू कसा चालवायचा, असं म्हणणाऱ्याला हे उत्तर आहे.

हे करूनही दाब वर गेला तर डोळ्यात बारीक नळी बसवतात. परदेशी नळी महाग. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅब या कारखान्यानं अशी नळी देशात तयार केली, त्यामुळं गरिबाचीही सोय झाली. अगदी शेवटी लेसरनं पाणी तयार करणारा पंपच थोडा जाळून त्याची ताकद कमी करतात. पण पंप किती जाळायचा याचा अंदाज अवघड, जास्त झालं तर डोळाच सुकतो. म्हणून ते नाइलाजाचं काम.

एक गोष्ट मात्र लपवून ठेवत नाही. ऑपरेशन झालं म्हणजे काम झालं, असं नाही. धुरकट काच दाब उतरल्यावर कित्येकदा हळूहळू निवळते, आईला लेकराच्या डोळ्यातली चमक परत दिसते, आणि तिथंच घरचे लोक सुस्तावतात. वाळलेली नस मात्र परत हिरवी होत नाही. ताणलेल्या डोळ्याला चष्मा लागतो, तान्ह्या वयातसुद्धा लागतो. एक डोळा कमजोर असेल तर तो आळशी होऊन बसतो. त्याला कामाला लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधावी लागते, ती लेकरू ओढून काढतं, आई कंटाळते. दाब मोजायला पुन्हा पुन्हा जावं लागतं, लहानपणी बऱ्याचदा भूल देऊनच. आणि नवी मोरी काढलेला डोळा पुढं कधीही लाल झाला, त्यात घाण आली, तर त्याच दिवशी दवाखाना. ते साधे डोळे येणं नव्हे. मोरीतून जंतू आत शिरला तर एका रात्रीत डोळा जाऊ शकतो. विहिरीत सूर मारायची हौस अशा पोरानं डॉक्टरांना विचारूनच करावी. विटीदांडू तर लांबच. ताणलेला डोळा लवकर फुटतो.

भुलीबद्दल एक शब्द. ऑपरेशनच्या आधी लेकराला काही तास उपाशी ठेवावं लागतं. आईचं दूधसुद्धा साधारण चार तास आधी बंद. आजीचं काळीज पाघळतं आणि ती कुणाचं लक्ष नाही बघून अंगावर पाजायला लावते. भुलीत ते दूध उलटून छातीत गेलं तर जिवावर बेततं. दया करायची तर त्या चार तासांत करू नका.

आता किती लेकरांचा हा प्रश्न आहे? पाश्चात्त्य देशांत साधारण दहा हजार जन्मांमागं एक, असं मानतात. शेजारच्या जुन्या आंध्र प्रदेशात झालेल्या पाहणीत हा अंदाज 3,300 जन्मांमागं एक असा निघाला. तिप्पट. कारण काय, तर नात्यातली लग्नं. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तर चारांत एका लेकराला दुखणं होण्याची शक्यता असते, आणि नात्यात लग्न झालं की दोघांकडं तोच दोष असण्याची शक्यता वाढते. त्यातला एक मोठा दोष कोणत्या जनुकात आहे ते 1997 साली सापडलं. मामाची पोरगी करायची रीत आपल्या मराठवाड्यातही आहे. 1948 पर्यंत आपण आणि त्यांचा काही भाग एकाच निजामाच्या राज्यात होतो. चालीरीती काही सीमेवर थांबल्या नाहीत. तरीही आंध्रातला आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू पडेल असं मी म्हणत नाही. पण नुसता बोटांवर हिशेब करा. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 37 लाखांवर होती. हजारी पंधरा जन्म धरले तर वर्षाला 55 हजार बाळं. तेच प्रमाण लावलं तर वर्षाला सोळा-सतरा लेकरं. निम्मी धरा. तरी दीड महिन्याला एक.

यात सुनेचा दोष नाही, हेही लगेच सांगून टाकतो. तिनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून, किंवा डोहाळ्यात काही खाल्लं म्हणून हे होत नाही. दोष दोन्हीकडून यावा लागतो. नात्यात लग्न न झालेल्यांच्या घरीही हे लेकरू जन्मतं.

मग ही लेकरं सापडत का नाहीत? गावात दवाखाना नाही, असं आता म्हणता येत नाही. आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तिच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत. पुढं तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात पुन्हा भेटी. म्हणजे ज्या काळात हे दुखणं बहुतेक वेळा डोकं वर काढतं, त्या काळात सरकारचं एक माणूस अकरा वेळा त्या लेकराच्या उशाशी बसतं. वजन करतं, ताप बघतं, वही भरतं. त्याच भेटीत लेकराला दारापाशी उजेडात आणून डोळे बघायला किती वेळ लागतो? तंबाखू मळायला लागतो तेवढाही नाही.

शाळा-अंगणवाडीतल्या मुलांना तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. वर्षातून दोनदा गाडी अंगणवाडीत येते. पण त्या कार्यक्रमाच्या मूळ तीस दुखण्यांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे, कमी दिवसांच्या बाळाच्या पडद्याचं दुखणं आहे, काचबिंदूचं मात्र वेगळं नाव नाही. दृष्टिदोष या मोठ्या पोत्यात तो कुठंतरी जाऊन पडतो. सरकारी कागदावर नाव नसलं की काय होतं ते तलाठ्याच्या दप्तराशी गाठ पडलेल्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसली तर विहीर असून नसल्यासारखी. मोतीबिंदू लेकरू चार महिन्यांनी सापडला तरी वाईटच, पण काचबिंदूत रोज डोळा ताणला जातो आणि रोज नस वाळते. तेव्हा यादीत नाव घाला, ही मागणी जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीनं वर पाठवावी. तोवर निदान आपल्या जिल्ह्यापुरता आशाताईंच्या वहीत डोळ्यांचा एक रकाना वाढवायला कुणाची परवानगी लागते?

दुसरी मागणी घाटीकडं आणि जिल्हा आरोग्य विभागाकडं. असं लेकरू सापडलं तर ते कुठं पाठवायचं, कुणाला भेटायचं, कोणत्या दिवशी, हे एका कागदावर लिहून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावा. घाटीत नेत्र विभाग आहे, पहिली तपासणी तिथं होऊ शकते. जालन्याचं श्री गणपती नेत्रालय साठेक किलोमीटरवर आहे. पुण्याला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. हैदराबादला जायला आपल्या स्टेशनवरून थेट रेल्वे आहे, आणि ज्याला परवडत नाही त्याच्यावर मोफत उपचार करायची त्या प्रसाद संस्थेची जुनी रीत आहे. पण तान्ह्याच्या काचबिंदूवर हात बसलेला डॉक्टर प्रत्येक डोळ्यांच्या दवाखान्यात नसतो. म्हणून पहिल्याच दवाखान्यात तोंडावर विचारा: "एवढ्या लहान लेकराचं काचबिंदूचं ऑपरेशन तुम्ही करता का? नसाल तर कुणाकडं जाऊ? चिठ्ठी द्या." विचारायला लाजू नका. बियाणं घेताना दुकानदाराला दहा प्रश्न विचारतोच ना.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2024 च्या जुलैपासून सगळ्याच कुटुंबांना लागू झाली आणि मर्यादा पाच लाखांवर गेली. आपल्या भागातल्या शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्याला तर ती आधीपासून होती. दवाखान्यात गेल्यावर आरोग्यमित्राला भेटा आणि हे ऑपरेशन त्या दवाखान्यात योजनेत बसतं का ते भरती होण्याआधी विचारा, नंतर नको. बाळाचा जन्मदाखला, शिधापत्रिका, आईबापाचं आधार कार्ड बरोबर ठेवा. जन्मदाखल्यासाठी ग्रामसेवक भाऊसाहेबांनी अशा माणसाला दोन चकरा मारायला लावू नयेत.

ग्रामपंचायतीला तर एक टोचून बोलायचंय. स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा नियम आहे, चांगला आहे. म्हणजे पोरगं आंधळं झालं की त्याच्यासाठी पैसा आहे. आंधळं होऊ नये म्हणून जालन्याला किंवा पुण्याला जायचं भाडं मात्र बापानं सावकाराकडून आणायचं. सरपंचांनी मनावर घेतलं तर ग्रामसभेत ठराव करून अशा लेकराच्या प्रवासाला दोन-चार हजार काढणं कठीण नाही. एखाद्या पाहुण्याच्या सत्काराला शाली-फेट्यांवर तेवढे जातातच.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी वेगळं सांगतो. पैठण, कन्नड, सोयगावकडून किती बिऱ्हाडं दिवाळीच्या सुमाराला निघतात! आषाढ-श्रावणात जन्मलेलं लेकरू चार महिन्यांचं असतं तेव्हा ते कोपीत, उसाच्या पाचटात असतं. आशाताईच्या पुढच्या भेटी हुकतात, ऑपरेशन झालेलं असेल तर तारीख हुकते, आणि उचल घेतलेली असल्यामुळं मुकादम सोडत नाही. अशा लेकराची फाईल पेटीत कुलूप लावून गावी ठेवू नका, बरोबर न्या. कारखान्याच्या भागातही सरकारी दवाखाना आहे, तिथंही डोळ्यांचा डॉक्टर आहे. पुढची तारीख आईच्या आणि बापाच्या, दोघांच्याही फोनमध्ये घालून ठेवा. मुकादमाला घरातल्या लग्नाची तारीख जशी आधी सांगता, तशी ही पण आधीच सांगा.

मोठ्या पोरांचं थोडक्यात. लेकरू जन्मतः ठणठणीत असलं तरी डोळ्याला मार लागल्यावर काही वर्षांनीही काचबिंदू होऊ शकतो. आणि उन्हाळ्यात डोळे खाजणाऱ्या पोरांना मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय डेक्सा-बीटाचे थेंब आणून महिनोन् महिने टाकणं, हे तर हातानं काचबिंदू पेरणं आहे. त्या थेंबांनी खाज लगेच थांबते, म्हणून ते गोड लागतात. मेडिकलवाल्या भाऊंनीही चिठ्ठी मागावी.

ज्यांच्या घरात एका लेकराला हे झालं आहे त्यांनी पुढच्या बाळंतपणात आशाताईला आणि डॉक्टरला आधीच सांगून ठेवायचं. त्या बाळाचे डोळे पहिल्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडून तपासून घ्यायचे, पाणी येवो न येवो, डोळे टपोरे असोत नसोत. नंतर वर्षभर डॉक्टर सांगतील त्या तारखांना पुन्हा. बारसं आठ दिवस पुढं गेलं तरी चालेल.